गीझर बदलू नका, आधी ते बूच काढा

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दोन मजली घर आहे. गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर आहे, त्याला सहा वर्षं झाली. ढगाळ दिवसांसाठी वरच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर बसवलाय. दिवाळीपासून सगळंच बिघडलंय. सोलरच्या टाकीजवळची तोटी सोडली तर हात पोळेल असं पाणी येतं, पण खालच्या बाथरूममध्ये बादली भरून दुसरी लावली तरी कोमटच. गीझर पूर्वी वीस मिनिटांत पाणी तापवायचा, आता पाऊण तास घेतो, आत तडतडतो आणि मधूनच ठोका मारल्यासारखा आवाज येतो. त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायचं, म्हणून प्लंबरनं तिथं बूच मारून दिलं. परवा सासूबाईंनी शॉवरच्या नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या. दुकानदार म्हणतो, गीझर आणि सोलर दोन्ही बदला. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं वापरतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी पाहुणे येणार, घरात दहा माणसं होतील. मिस्टर म्हणतात, बाथरूममध्ये गॅस गीझर लावून टाकू. सासूबाई म्हणतात, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा. मामंजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते, ते सगळा दोष पाण्याला देतात. कुणाचं ऐकू? आणि एक जाता जाता. नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या घरात बॉयलरवर खोल्या तापतात, पण वरच्या खोलीतला रेडिएटर निम्मा गारच राहतो. मामंजींनी तिला फोनवर ‘हवा काढ’ म्हणून सांगितलं. बरोबर आहे का ते?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण दोन कामं आत्ता उठून करा.

गीझरचा एमसीबी पाडा आणि प्लग असेल तर तोही काढून ठेवा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, आणि मग बटण बंद असलं तरी आतल्या कॉइलपर्यंत करंट पोचलेला असतोच. एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा, वायरमन बघून जाईपर्यंत तो कुणीही वर करायचा नाही. सकाळच्या घाईत तर मुळीच नाही.

दुसरं काम त्या बुचाचं. गीझर पूर्ण गार झाला की प्लंबरला बोलवा, बूच काढून घ्या आणि व्हॉल्व्ह नवा बसवा. काहीशे रुपयांची वस्तू आहे. ती बसेपर्यंत गीझर चालवायचा नाही.

आता कारण. पाणी तापलं की फुगतं. तुमच्या गीझरमधलं १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरनं वाढतं. एवढं पाणी जाणार कुठं? व्हॉल्व्हच्या आत उलटं पाणी अडवणारी झडप असते, त्यामुळं ते मागं गार पाण्याच्या पाइपात जाऊ शकत नाही. म्हणून व्हॉल्व्ह दाब वाढला की पेलाभर पाणी बाहेर सोडतो. गीझर चालू असताना तिथून थोडं ठिबकणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. गीझर बंद आणि गार असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकलाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे. दोन्हीवर उपाय आहे, पण बूच हा उपाय नव्हे. थर्मोस्टॅट चिकटला, त्यानंतर तोडणारा कटआउटही चालला नाही, आणि बाहेर पडायला वाट उरली नाही, तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या पुढं तापत जातं. टाकी फुटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. तुमच्या मामंजींनी उभा जन्म वाफेच्या बॉयलरवर काढलाय. कारखान्यातल्या बॉयलरसाठी १९२३ सालापासून कायदा आहे, त्याची तपासणी होते, दाखला लागतो, आणि तिथल्या सेफ्टी व्हॉल्व्हला कुणी हात लावत नाही. घरातला गीझर लहान म्हणून त्या कायद्याच्या बाहेर आहे, पाण्याचा स्वभाव मात्र दोन्हीकडं एकच. मामंजींना ते बूच दाखवा. माझ्यापेक्षा कडक शब्दांत ते प्लंबरला समजावतील.

झिणझिण्यांकडं वळते. कॉइल म्हणजे धातूची एक नळी असते. तिच्या मधोमध तापणारी तार आणि भोवती करंट अडवणारी पूड गच्च भरलेली असते. नळीवर क्षारांचा जाड थर बसला की ती गरजेपेक्षा जास्त तापते आणि एक दिवस तडकते. मग पाणी आत शिरतं आणि करंट पाण्यातून नळापर्यंत येतो. पण इथं माझं खरं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं आहे. अर्थिंग धड असतं तर तो करंट सासूबाईंच्या हाताला न लागता जमिनीत गेला असता. म्हणजे तुमच्याकडं एकाच वेळी दोन दोष असावेत, एक कॉइलचा आणि एक अर्थिंगचा. नुसती कॉइल बदलून वायरमन निघाला तर त्याला थांबवा. कॉइलची गळती मेगरवर (करंट झिरपतो का ते दाखवणाऱ्या मीटरवर) मोजायला सांगा, गीझरच्या प्लगपर्यंत अर्थची तार खरोखर पोचलीय का ते बघायला सांगा, आणि अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या. आपल्याकडची मुरमाड जमीन उन्हाळ्यात खडखडीत कोरडी पडते आणि खड्डा कामातून जातो. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, हे घर बांधून झालं की सगळे विसरतात. त्याच फेरीत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट माणसातून जायला लागला की तो डोळ्याचं पातं लवण्याआधी लाइन तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. या एका खर्चात काटकसर करू नका असं मी हात जोडून सांगते.

गीझर बंद ठेवूनही नळाला झिणझिण्या येत राहिल्या तर गळती वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर किंवा आणखी कुठून तरी येतेय. ते शोधणं वायरमनचं काम. हात लावून खात्री करायची नाही.

जीव सुरक्षित झाला की मग गरम पाण्याचं बघू. इथं मला तुमच्या पत्रातला एक शब्द फार कामाचा वाटला, ‘दिवाळीपासून’. यंत्रं हळूहळू म्हातारी होतात, ती सण बघून बिघडत नाहीत. दिवाळीत घरात काय बदललं? माझा अंदाज असा की अभ्यंगस्नानाला सगळ्यांना एकदम पाणी हवं, म्हणून वर्षभर बंद असलेला गीझर चालू केला, त्याच्याकडं येणाऱ्या गार पाण्याचा कॉक सोडला, आणि तो पुन्हा कुणी बंद केला नाही.

याचा खालच्या बाथरूमशी काय संबंध, तर असा. बऱ्याच घरांत गीझरमधून निघणारा पाइप सोलरच्या गरम लाइनलाच जोडलेला असतो, म्हणजे एकाच नळातून दोन्हीचं पाणी घेता यावं. गीझरच्या तोंडाशी गच्चीवरच्या टाकीचं गार पाणी उभं असतं. कॉक उघडा राहिला की खाली कुणी गरम नळ सोडताच दोन वाटांनी पाणी धावतं, एक सोलरमधून गरम आणि दुसरं बंद गीझरच्या पोटातून गार. गीझरची वाट जवळची असते, म्हणून तीच जास्त वाहते. सोलर बिचारा पाणी तापवून बसलाय, आणि खाली पोचतं ते निम्मं गार. गीझरच्या व्हॉल्व्हमधली झडप इथं कामाची नाही. ती पाणी आत जाऊ देते, उलटं येण्यापासून अडवते, आणि हे पाणी सुलट दिशेनंच चाललंय.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. सकाळी कुणी अंघोळ करायच्या आधी गीझरकडं येणारा गार पाण्याचा कॉक घट्ट बंद करा. वर आणि खाली, दोन्ही बाथरूममधल्या मिक्सरच्या गार बाजूचे अँगल कॉकही बंद करा. आता फक्त खालचा गरम नळ सोडा आणि बादली लावा. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, इंची पाइपात चारशे मिलिलिटरच्या आसपास. तुमच्या गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत वळणावळणानं तीस मीटर पाइप धरला तरी त्यात रात्रभर गार झालेलं पाणी आठ ते बारा लिटरच निघेल. म्हणजे पाऊण बादलीनंतर कढत पाणी यायला हवं. आलं, तर चोर सापडला. मग एकेक कॉक उघडत जा. ज्याच्यानं पाणी पुन्हा कोमट होईल तिथं मिसळ होतेय. गीझरचा कॉक निरपराध ठरला तर मिक्सरवर संशय घ्या. मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून पुढचं बटण किंवा हातशॉवरच बंद करायची सवय घरात कुणाला असेल, तर गार आणि गरम लाइन आतल्या आत एक होतात. गार लाइनवर प्रेशर पंप बसवलेला असेल तर हा त्रास दुप्पट, कारण सोलरचं पाणी नुसत्या उंचीच्या दाबानं उतरतं आणि पंप त्याला मागं रेटतो. तेव्हा सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या उभ्या पाइपातून पाणी सांडताना दिसतं. तेही गच्चीवर जाऊन बघा.

कायमचा उपाय म्हणजे गीझरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर एक कॉक, आणि गीझर लागत नसेल तेव्हा दोन्ही कॉक बंद. कुणाच्या लक्षात राहत नाही, मान्य. काही जण एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवतात, पण या जागी त्याचा उपयोग नाही, कारण सांगितलं तसं पाणी सुलट दिशेनंच वाहतं. एनआरव्ही लागतो तो सोलरच्या बाजूला, पंपाचं किंवा गीझरचं पाणी उलटं सोलरमध्ये चढू नये म्हणून. तो बसवलाच तर स्प्रिंगचा घेऊ नका, हलक्या पाकळीचा घ्या. सोलरच्या लाइनला दाब इतका कमी असतो की स्प्रिंगच पाणी अडवून धरते. सगळ्यांत चांगली जोडणी म्हणजे गीझरला गार पाण्याऐवजी सोलरचंच पाणी देणं. ढगाळ दिवशी तिथं आलेलं कोमट पाणी गीझर वर उचलतो, वीजही कमी लागते. फक्त आत गरम पाणी दिलेलं चालतं असं गीझरच्या माहितीपत्रात लिहिलेलं असेल तरच हे करा.

म्हणजे सोलर बदलायचं कारण मला तरी दिसत नाही. टाकीपाशी हात पोळतोय, म्हणजे तापवायचं काम तो चोख करतोय. तरी गच्चीवर गेलातच तर नळ्यांची टोकं बघून घ्या. काचेच्या प्रत्येक नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो जिथं दुधासारखा पांढरा झाला असेल, त्या नळीतली निर्वात पोकळी गेली. तेवढी एक नळी बदलायची, पूर्ण संच नाही. गरम पाइपावरचं काळं फोमचं आवरण सहा वर्षांच्या सोलापुरी उन्हात भुगा झालं असणार, ते नवं घाला. हवेच्या पाइपात गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, तेही बघा. तो बुजला तर पाणी अडखळत येतं आणि टाकी आत चेपूही शकते.

एक धोका मात्र खास आपल्या गावाचा आहे. नळाला पाणी येत नाही त्या दिवसांत गच्चीवरची टाकी तळाला जाते, सोलरचीही रिकामी होते, आणि वर ऊन तर असतंच. नळ्यांतलं उरलंसुरलं पाणी उडून जातं आणि कोरडी काच आतून २०० अंशांच्या वर तापते. अशात भर दुपारी नळाला पाणी आलं, मोटर लागली, आणि ते गार पाणी थेट नळ्यांत उतरलं की काच तडातड फुटते. लोक म्हणतात माकडानं फोडली, पोरांनी दगड मारला. टाकी रिकामी झाली असं कळलं की सोलरकडं जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा, आणि ऊन उतरून नळ्या गार झाल्यावर, रात्री किंवा पहाटेच, उघडा. गच्चीवरच्या त्या कॉकला लाल रंग देऊन ठेवा, म्हणजे घाईत कुणी चुकणार नाही.

आता गीझरचा पाऊण तास. हिशेब करून बघू. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. गीझर २००० वॉटचा असेल तर वीस-एकवीस मिनिटं. व्होल्टेज २३० चं २०० वर आलं तर ताकद पाऊणपट होते, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. पाऊण तासाचं कारण नुसत्या व्होल्टेजमध्ये सापडत नाही. दुरुस्तीनंतर गीझर चालू कराल तेव्हा त्याच्या लाल दिव्याकडं लक्ष ठेवा. पाणी कोमट असतानाच दिवा विझत असेल, पुन्हा लागत असेल, पुन्हा विझत असेल, तर थर्मोस्टॅट फसतोय. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी शेजारी शेजारी असतात. दोघींवर मिळून क्षारांचा एकच गोळा जमला की कॉइलजवळची धग थर्मोस्टॅटला आधी लागते, आणि सगळं पाणी तापलं असं समजून तो लाइन तोडतो. दिवा पाऊण तास सलग जळत असेल, तर तापलेलं पाणी कुठं तरी पळतंय. वर गीझर तापतोय आणि खाली कुणी गरम नळ सोडून भांडी घासतंय, असं होत असणार. म्हणजे पुन्हा तीच जोडणी.

तडतड आणि ठोके मात्र क्षारांचेच. कॉइलवर खर धरली की तिच्या खाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडा फुगतो, बाहेरच्या गार पाण्यात येऊन फुटतो. तव्यावर मातीचा लेप देऊन भाकरी भाजायला घ्यावी तसं चाललंय : तवा लाल होतो, भाकरी कच्ची.

मामंजींचं म्हणणं इथं शंभर टक्के खरं आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच वर येतं, आणि पाणी तापलं की ते बाहेर पडून कॉइलवर बसतं. ६० अंशांच्या पुढं हा वेग फार वाढतो. म्हणून थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून वर गार पाणी मिसळत बसण्यापेक्षा ५५ ते ६० वर ठेवा. घरात म्हातारं माणूस आहे, पाहुण्यांची लहान मुलं येतील. ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत भाजतं. पाण्याची कठीणता मोजून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅम चांगलं धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. विक्रेता टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं, पेन बुडवून आकडा दाखवेल, पण तो आकडा कठीणतेचा नसतो. गच्चीवर दोन टाक्या असतील तर बोअरचं पाणी एकीत, ते संडास आणि धुण्याला. आणि नळाचं उजनी धरणाचं पाणी दुसरीत, ते सोलर आणि गीझरला. सॉफ्टनर घेण्याच्या आधी हे करा. सॉफ्टनर चांगला चालतो, पण वेळच्या वेळी मीठ घालायला माणूस लागतो, आणि ते काम शेवटी घरातल्या बाईवरच येतं.

सर्व्हिसवाला गीझर उघडेल तेव्हा शेजारी उभ्या राहा. कॉइल तर नवी घालायचीच आहे. टाकीच्या तळातला खडीसारखा चुरा पूर्ण काढायला सांगा. राहिलेला थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून सुटतो. संडास धुवायचं ॲसिड ओतायला निघाला तर हात धरा, ते टाकीचा आतला लेप खाऊन टाकतं. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती गंजते, म्हणून टाकी टिकते. बोअरच्या पाण्यात ती लवकर संपते. फक्त मधली तार उरली असेल तर नवी घाला. रबरी वायसर जुनाच परत लावू देऊ नका. एवढं सगळं करून नव्या गीझरच्या किमतीच्या मानानं खर्च कमीच येतो. टाकीच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल, किंवा गरम पाणी तांबूस गंजाचं येत असेल, तरच दुकानदाराचं ऐका.

पाहुण्यांची काळजी करू नका. सकाळी सोलरच्या टाकीत ५५ अंशांचं पाणी असलं आणि त्यातलं ऐंशी टक्के नीट हाती लागलं, तर २० अंशांच्या गार पाण्यात मिसळून अंघोळीजोगतं २८० लिटर होतं. २० लिटरच्या चौदा बादल्या. दहा माणसांना एकेक भरपूर बादली होऊन वर उरतं. जानेवारीत आपल्याकडं आभाळ बहुतेक स्वच्छ असतं. फक्त शॉवर बंद ठेवा आणि सगळ्यांना बादलीवर आणा.

बाथरूममध्ये गॅस गीझर? नाही. मिस्टरांना माझं नाव सांगून नाही म्हणा. बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय गळतात, आणि आतून कडी लावलेली असते. एकामागून एक दहा माणसं अंघोळ करणार, खिडकी थंडीनं लावलेली, हा तर सगळ्यांत वाईट प्रसंग. गॅस गीझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या जागी बसतो आणि आत फक्त पाइप येतो. संक्रांतीच्या घाईत ते काम करू नका. बादलीत सोडायचा वॉटर हीटरही पाहुण्यांच्या गर्दीत नको, कुणी तरी पाणी तापलं का म्हणून बोट बुडवतंच.

सासूबाईंचा बंब मात्र अवश्य काढा. मला त्यांची सूचना मनापासून पटली. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, वर नुसतं झाकण. दाब कोंडायला त्यात जागाच नाही. आधी पाणी भरून रात्रभर ठेवा, सांधे गळतात का बघा. पेटवायचा अंगणात, बाथरूममध्ये नाही, कारण धुरातही तोच वायू असतो. आणि पाणी भरल्याशिवाय जाळ लावायचा नाही, कोरड्या बंबाचे सांधे उकलतात. पहाटे चार लाकडं घातली की तोटीखाली बादल्या लागत राहतील, आणि सासूबाईंना पाहुण्यांत मिरवायलाही मिळेल.

राहिली नणंदबाई. मामंजींचा सल्ला निम्मा बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात धोका आहे. तिच्या बॉयलरमधून रेडिएटरला गरम पाणी जातं की वाफ, हे आधी विचारा. पाणी जात असेल आणि रेडिएटर वरून गार, खालून गरम असेल, तर वरच्या अंगाला हवा अडकलीय. सिस्टीम बंद करून थोडी निवू द्यायची, रेडिएटरच्या वरच्या कडेचा छोटा स्क्रू किल्लीनं अर्धा फेरा सैल करायचा, खाली कप आणि फडकं धरायचं. फुस्स करून हवा जाते. पाण्याची धार लागली की बंद. मग बॉयलरचा दाब बघायचा. दोन मजली घरात तो गार असताना साधारण १२ ते १५ पीएसआय असतो, त्याखाली गेला असेल तर पाणी भरायचं. रेडिएटर वरून गरम आणि खालून गार असेल तर आत गाळ बसलाय, तिथं हवा काढून काही होत नाही.

वाफेचा असेल तर काहीही सैल करू नको म्हणावं. वाफेच्या रेडिएटरला हवा सोडणारी स्वतःची छोटी झडप असते. ती रंगानं किंवा गंजानं बुजली की रेडिएटर निम्माच तापतो; सगळं गार असताना ती नवी बसवून घ्यायची. रेडिएटरला एकच पाइप असेल तर तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद हवा, अर्धवट नको, आणि रेडिएटरचा कल पाइपाकडं किंचित उतरता हवा. नाही तर पाणी आत साचून धडाधड ठोके बसतात. बॉयलरच्या अंगावर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. ती रिकामी दिसली तर बर्नर बंद करायचा, बॉयलर पूर्ण निवू द्यायचा आणि कारागीर बोलवायचा. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर ओतीव लोखंड तडकतं, क्वचित त्याहून वाईट घडतं. हे मामंजी तिला नीट समजावून सांगू शकतील, त्यांच्या कारखान्यातला नियमही हाच. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि त्याचं सेल चालू आहे का, एवढं तिला आजच बघायला सांगा. बॉयलरवर बहुधा शेवटच्या सर्व्हिसची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. तिला वर्ष उलटून गेलं असेल तर थंडी वाढायच्या आत माणूस बोलवू दे.